नवतप्यातले नागपूर आणि कुत्र्याचा गार घास

नागपूरच्या उन्हाळ्याची पुरती कल्पना आकड्यांवरून येत नाही, तरी सुरुवात आकड्यांपासूनच करावी लागते. मे महिन्यात येथील दुपारचे तापमान सरासरीने ४२-४३ अंश सेल्सियसच्या घरात असते. २३ मे २०१३ या दिवशी ते ४७.९ अंशांवर गेले होते. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की, म्हणजे साधारण २५ मेपासून, पुढच्या नऊ दिवसांना येथे ‘नवतपा’ म्हणतात. या दिवसांत घरात बाहेरचे कोणी आले तर त्याला आधी पाणी विचारायचे आणि मग नाव, अशी येथील रीत आहे. हा लेख त्या नऊ दिवसांतल्या शहराविषयी आहे, आणि त्यातही या शहरातल्या अशा घरांविषयी आहे, जिथे एक वयस्क माणूस आणि एक वयस्क कुत्रा एकमेकांच्या सोबतीने उन्हाळा काढत असतात.

अशी घरे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. तुम्ही या दिवसांत पहाटे पाच वाजता अंबाझरीच्या बाजूने किंवा तेलंगखेडीच्या तलावाच्या काठाने फिरायला निघालात, तर ती माणसे तुम्हाला भेटतील. सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. तो वर चढण्याच्या आत फेरी संपवायची असते, म्हणून ही मंडळी अंधारातच बाहेर पडतात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पट्टा. पट्ट्याच्या टोकाला बहुधा मुलाने किंवा मुलीने हौसेने आणलेले लॅब्रॅडॉर, पॉमेरेनियन नाही तर पग असते. मूल पुढे पुण्याला, बंगळूरला किंवा अमेरिकेला गेले. कुत्रा मागे राहिला, आणि ज्या आजोबांनी ‘घरात कुत्रे नको’ म्हणून सर्वांत जास्त विरोध केला होता, त्यांच्याच खाटेशेजारी आता तो झोपतो. सात वाजेपर्यंत ही सारी माणसे घरी परतलेली असतात. साडेनऊला खिडक्या बंद होतात, पडदे ओढले जातात, कूलरच्या जाळ्यांत भरलेल्या ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरतो. मग संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत रस्त्यावर कोणी नसते.

परत येताना एक काम करावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताचा मागचा भाग टेकवून मनात सात आकडे मोजावेत. तेवढा वेळ हात ठेववत नसेल, तर कुत्र्याच्या तळपायांनाही तो रस्ता सोसणार नाही. संध्याकाळी ही परीक्षा अधिक गरजेची असते, कारण हवा थोडी निवली तरी डांबर दिवसभराचे ऊन बराच वेळ धरून ठेवते. नागपुरात मे महिन्यात संध्याकाळी साडेसातच्या आधी कुत्र्याला डांबरी रस्त्यावर नेऊच नये, असे माझे मत आहे.

कुत्र्याला उन्हाळा आपल्यापेक्षा अवघड का जातो, हे एकदा समजून घेतले की पुढचे सारे सोपे होते. आपल्या सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर निवते. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांना येतो. त्याचा सारा भरवसा धापेवर असतो. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून तो भरभर श्वास घेतो, आणि जीभ, तोंड व नाक यांतला ओलावा हवेत उडून जाताना रक्तातली उष्णता घेऊन जातो. नागपूरकराला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याच्या खिडकीतला कूलर नेमक्या याच रीतीने चालतो. कोरड्या हवेत पाणी झटकन उडते, म्हणून विदर्भात कूलर गारवा देतो आणि मुंबईत किंवा गोव्यात तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो. कुत्र्याची धापही कोरड्या हवेत काम करते, दमट हवेत थकते. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांमध्ये या ‘कूलर’ची जागाच अपुरी असते. त्यात वय झालेले, वजन वाढलेले, हृदयाचा किंवा श्वासनलिकेचा विकार असलेले कुत्रे असेल, तर धाप टाकण्याच्या श्रमानेच ते आणखी तापते. अंगभर दाट केस दिसतात म्हणून पॉमेरेनियनचे केस मुळापासून भादरण्याचा मोह होतो. तो आवरावा. ते केस उन्हापासूनही काही प्रमाणात संरक्षण देतात. नियमित विंचरून सुटे झालेले केस काढणे पुरेसे आहे.

आता स्वयंपाकघरात येऊ. नागपूरचे उन्हाळ्यातले स्वयंपाकघर हे एक छोटेसे औषधालयच असते. कैरीचे पन्हे, मठ्ठा, आंबील, माठातले वाळा घातलेले पाणी, आणि बाहेर पडणाऱ्याच्या खिशात एक कांदा. उन्हाळी लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवण्याची पद्धत येथे आजही आहे आणि तुमच्या आजीनेही तुमच्या खिशात तो कोंबला असेल. पण आजीचे हे औषधालय कुत्र्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. कांदा आणि लसूण, कच्चे असोत, शिजवलेले असोत की पूड केलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि त्याला रक्तक्षय होतो. पन्ह्यात साखर किंवा गूळ आणि मीठ असते, मठ्ठ्यात मीठ, आले, कधी हिरवी मिरची. प्रेमाने वाटीत ओतलेला मठ्ठा कुत्रा आनंदाने पितो, पण ते मीठ त्याला नको असते. म्हणून त्याचा गार घास वेगळा करावा लागतो. तो करायला सोपा आहे, आणि घरात फारसे काही विकतही आणावे लागत नाही.

पहिला आणि सर्वांत भरवशाचा घास दह्याचा. दूध पुष्कळशा मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य त्यांच्या पोटात लहानपणानंतर कमी होत जाते. दही लागताना त्या साखरेचा काही भाग जिवाणूंनी आधीच खाल्लेला असतो, म्हणून दही बहुतेकांना सोसते. घरी लावलेले, ताजे, न आंबलेले दही घ्यावे. साय काढलेल्या दुधाचे असेल तर उत्तम. एक वाटी दही, त्यात अर्धी वाटी पाणी, आणि वाफवून कुस्करलेला लाल भोपळा दोन-तीन चमचे. मीठ नाही, साखर नाही, मध नाही, जिरेपूडही नाही. हे रवीने एकजीव करावे आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरमध्ये ठेवावे. चार-पाच तासांत घट्ट होते. भोपळ्याऐवजी उकडलेला दुधी किंवा गाजर चालते. दुधी आधी चाखून पाहावा. कडू लागला तर तो ना कुत्र्याला द्यावा, ना तुम्ही खावा.

दह्यात पाणी घालण्याचे कारण केवळ काटकसर नाही. निव्वळ पाण्याचा बर्फ दगडासारखा कठीण होतो आणि तो कडाकडा चावताना कुत्र्याचा दात तुटू शकतो, तर निव्वळ दही काही कुत्र्यांना जड पडते. दही, भोपळा आणि पाणी एकत्र गोठले की खडा भुसभुशीत होतो, दाताखाली सहज फुटतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे दात आधीच झिजलेले किंवा हिरड्या दुखऱ्या असतात. त्याच्यासाठी आणखी एक युक्ती आहे. हे मिश्रण ट्रेमध्ये न ओतता पसरट स्टीलच्या ताटलीत बोटाच्या पेराइतक्या जाडीचा थर द्यावा, आणि अर्धवट गोठले की चमच्याने खरवडून बर्फाच्या गोळ्यासारखा भुगा करावा. असा भुगा जिभेने चाटता येतो. गोठलेली स्टीलची ताटली मात्र थेट त्याच्यापुढे ठेवू नये, कारण ओली जीभ थंडगार धातूला चिकटते. भुगा मातीच्या किंवा चिनी मातीच्या बशीत काढून द्यावा. कुल्फीचे ॲल्युमिनियमचे जुने साचे घरात असतील तर तेही या कामाला घेऊ नयेत. दह्याची आंबट चव आणि ॲल्युमिनियम यांचे जमत नाही. कुल्फीसारखी काडी तर कधीच खोवू नये, ती गिळली जाते.

दुसरा घास टरबुजाचा. पुण्या-मुंबईकडचे वाचक याला कलिंगड म्हणतील. उन्हाळ्यात गोकुळपेठेच्या बाजारात टरबुजांच्या राशी लागलेल्या असतात आणि विक्रेता बोटाने ठोकून फळ निवडून देतो. या फळात नऊ दशांशांहून अधिक पाणी असते आणि शंभर ग्रॅमला ऊर्जा जेमतेम तीस कॅलरी. सालीचा हिरवा-पांढरा भाग आणि सर्व बिया काढाव्यात, उरलेल्या लाल गराचे सुपारीएवढे तुकडे करून एका थरात गोठवावेत. बिया काढण्याचे काम कंटाळवाणे आहे खरे. आमच्या ओळखीच्या एका घरी ते काम एका ऐंशी वर्षांच्या आजींकडे असते आणि त्या ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. सकाळी दहा वाजता मांडीवर परात घेऊन त्या बसतात, कुत्रे परातीपुढे शहाण्यासारखे बसते, आणि एक फोड त्याच्या वाट्याची, एक त्यांच्या वाट्याची अशी निवड सुरू होते. त्यांच्या सुनेने मला सांगितले की एरवी सासूबाई दिवसभर पाण्याचा पेला पुढे सरकवतात, पण या परातीजवळ बसल्या की नकळत त्यांच्या पोटात चांगले दोन वाट्या टरबूज जाते. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, हे आपल्या शुश्रूषकांना ठाऊकच आहे. घरातल्या मधुमेही व्यक्तीने फळाचे प्रमाण स्वतःच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, हे ओघाने आलेच. कुत्र्याला मधुमेह असेल तर फळांचा घास त्यालाही नको. त्याला दही-दुधीचाच द्यावा.

संत्र्यांच्या या शहरात संत्र्याविषयी काहीच न लिहिणे बरे दिसणार नाही, परंतु नवतप्यात संत्र्यांचा हंगाम नसतो, आणि बऱ्याच कुत्र्यांना त्याचा आंबट वास मुळीच आवडत नाही.

मांसाहारी घरांत तिसरा घास करता येतो. कोंबडीची हाडे किंवा थोडे मांस भरपूर पाण्यात, मीठ-मसाला-कांदा-लसूण काहीही न घालता, तासभर उकळावे. गाळून हाडे फेकून द्यावीत. शिजलेले हाड टोकदार तुकड्यांत फुटते, ते कुत्र्याला देऊ नये. गाळलेले पाणी गार करून फ्रिजमध्ये ठेवले की वर चरबीचा थर जमतो. तो पूर्ण काढून टाकावा, कारण चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. उरलेला सूप दुप्पट पाण्यात मिसळून गोठवावा. जेवण सोडलेल्या, रुसलेल्या कुत्र्याला हा वास लगेच ओळखू येतो. कच्चे मांस गोठवले की निर्धोक होते, असा एक समज आहे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. तेव्हा जे गोठवायचे ते आधी शिजवलेलेच असावे. आणि वीज तीन-चार तास जाऊन फ्रीझरमधले सारे वितळले असेल, तर सूप पुन्हा गोठवू नये, टाकून द्यावा.

किती द्यायचे, हा प्रश्न राहतो. चोचल्याचा खाऊ दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण नियम आहे. दहा किलो वजनाच्या, घरात बसणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ५०० ते ६०० कॅलरी लागतात. म्हणजे खाऊसाठी ५०-६० उरतात. दह्याचा एक खडा वीस ग्रॅमचा धरला तर त्यात दहा कॅलरींच्या आसपास असतात. म्हणून दोन किंवा तीन खडे पुरेत. एक सकाळी अकराच्या सुमारास, एक दुपारी चारला. चार-पाच किलोच्या पॉमेरेनियनला एकच, तोही अर्धा-अर्धा करून. फेरीहून धापा टाकत आलेल्या कुत्र्याला लगेच देऊ नये. त्याचा श्वास शांत होऊ द्यावा.

येथे एक हिशेब लक्षात घ्या. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला निदान अर्धा लिटर पाणी हवे, नागपूरच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. तीन खड्यांतून त्याला पन्नास-साठ मिलिलिटरच मिळते. म्हणजे हा घास पाण्याची जागा घेत नाही. तो तोंडाला चव आणतो, कंटाळलेल्या प्राण्याला दुपारी काही करायला देतो, आणि पाण्याच्या भांड्याकडे पाठ फिरवणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटात थोडे पाणी सरकवतो. पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, मातीची असल्यास अधिक चांगले, आणि दिवसातून तीनदा पाणी बदलावे.

ज्या घरात वयस्क माणूस आहे, त्या घरात कुत्र्याच्या जिवाला काही खास धोके असतात, आणि त्यांविषयी जरा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. पहिला धोका साखर टाळणाऱ्यांच्या डब्यातला. मधुमेहींसाठीच्या काही आइस्क्रीममध्ये, मिठायांत, च्युइंगगममध्ये, तोंड धुण्याच्या द्रवात आणि काही शेंगदाणा-लोण्यांत ‘झायलिटॉल’ नावाचा गोड पदार्थ असतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो एकदम इन्सुलिन सोडायला लावतो आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. पुढे यकृतही निकामी होऊ शकते. दर किलो वजनामागे एक दशांश ग्रॅम इतकी थोडी मात्राही बाधते. ‘साखर नाही, म्हणजे कुत्र्यालाही चांगले’ या भाबड्या हिशेबाने आपल्या वाटीतले दोन चमचे शुगर-फ्री आइस्क्रीम त्याला चाटू देणारे आजोबा तुमच्याही ओळखीचे असतील. सर्वच शुगर-फ्री पदार्थांत झायलिटॉल असते असे नाही. वेष्टनावर ते नावाने किंवा ‘आयएनएस ९६७’ या क्रमांकाने छापलेले असते. अक्षर बारीक असते, तेव्हा घरातल्या तरुण डोळ्यांनी ते एकदा वाचून द्यावे.

द्राक्षे आणि मनुका-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नसतो, म्हणून एकही देऊ नये. मनुका घातलेली बासुंदी, जायफळ घातलेले श्रीखंड, चॉकलेटची कुल्फी हे सारे त्याच्यासाठी वर्ज्य. आणि दुसरा धोका आजीच्या औषधांच्या डबीतला. जमिनीवर पडलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याने उचलली तर ती विषासारखीच. आपल्या पोटात दुखले की आपण जे घेतो त्यातले चतकोर त्याला द्यावे, ही समजूतही तितकीच घातक.

तिसरा धोका कुत्र्याला नाही, तुम्हाला आहे. गोठलेला खडा कुत्रा जमिनीवर ढकलत, चाटत, घरभर नेतो आणि मागे पाण्याचे ओघळ सोडतो. नागपूरच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी किंवा गुळगुळीत मोझेक असते. दुपारच्या अंधारलेल्या खोलीत ते पाणी दिसत नाही. पाय घसरून खुबा मोडला तर पुढचे सहा महिने काय होते, हे या पाक्षिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. म्हणून खाऊ देण्याची जागा एकच ठरवावी. दारामागचा कोपरा किंवा मोरीजवळची जागा, त्यावर गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरलेली. वाकून देऊ नये. खुर्चीवर बसावे, बशी आधी खाली ठेवावी, मग कुत्र्याला बोलवावे. बोटांचे सांधे दुखत असतील तर कडक प्लॅस्टिकच्या ट्रेशी झटापट करू नये. सिलिकॉनचा मऊ ट्रे मागून दाबला की खडा बाहेर येतो. गोठलेले खडे झाकणाच्या डब्यात काढून त्यावर ठळक अक्षरांत ‘कुत्र्याचे’ असे लिहून ठेवावे. नाही तर सुटीत आलेली नातवंडे ते कुल्फी समजून खातात आणि कुत्र्याच्या वाट्याला भलताच डबा जातो.

धरमपेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट येथे सांगणे योग्य होईल. वय एकोणऐंशी, पत्नी निवर्तलेली, मुलगा परदेशी. सोबतीला अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजनाने जरा जास्तच. नवतप्यातल्या एका दुपारी दीड वाजता वीज गेली आणि कूलर थांबला. सरांना पडल्या पडल्या डोळा लागला. तीनच्या सुमारास धुण्याभांड्याच्या मावशी आल्या तेव्हा कुत्रा दाराशी आडवा होता, धाप थांबत नव्हती, तोंडातून चिकट लाळ गळत होती, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. सरांनी घाईने फ्रीझरमधला दह्याचा खडा काढून त्याच्या तोंडात घालण्याचा प्रयत्न केला. त्याला गिळता येत नव्हते. मावशींनी सरांचा हात धरला आणि न्हाणीघरातली भरून ठेवलेली बादली आणली.

तेथे गार घासाची हद्द संपते, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. कुत्र्याच्या अंगाचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले की तो उष्माघात, आणि मग खाऊ, सरबत, औषध काहीही तोंडात घालायचे नसते. तो शुद्धीवर नसेल तर पाणीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. त्याला सावलीत घ्यावे, सर्वांगावर, विशेषतः पोट, जांघा आणि पंजे यांवर पाणी ओतत राहावे आणि पुठ्ठ्याने किंवा पंख्याने जोराने वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. आधी अंग निववायचे आणि मग गाडीत घालायचे, आणि जातानाही काचा उघड्या ठेवून वारा लागू द्यायचा. बाहेरून सुधारला असे वाटले तरी पशुवैद्यकाला दाखवायलाच हवे, कारण मूत्रपिंडाला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते.

यात नागपूरचा एक पेच आहे. नवतप्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका बसेल इतके तापलेले असते. नळ सोडून कुत्र्याला त्याखाली धरले तर फायद्याऐवजी भाजण्याची भीती. म्हणून सकाळी सहालाच न्हाणीघरात दोन बादल्या भरून झाकून ठेवण्याची सवय या शहराने लावून घेतलेली आहे. मावशींच्या हाताला ती बादली लागली म्हणून त्या कुत्र्याला पाऊण तासात उभे राहता आले. त्याला त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेले, दोन दिवस सलाइन लागले. पशुवैद्यकांनी कुत्र्याचे रक्त तपासले आणि जाता जाता सरांनाही विचारले की आज तुम्ही स्वतः किती पाणी प्यायलात. सरांना आठवेना. सकाळचा चहा तेवढा आठवत होता.

आता त्या घरात भिंतीवर एक पाटी आहे. अकरा आणि चार या वेळांसमोर दोन नावे खडूने लिहिलेली असतात, एक कुत्र्याचे आणि एक सरांचे. कुत्र्याला खडा दिला की सर स्वतः एक पेला पाणी किंवा ताक घेतात आणि दोन्ही नावांपुढे खूण करतात. संध्याकाळी मुलगा फोनवर विचारतो, ‘पाटीवर किती खुणा?’ सरळ ‘बाबा, पाणी प्यायलात का?’ असे विचारले की ते चिडतात, असे तो म्हणाला. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण बांधून दिले आहे, त्यांनी मात्र पेल्यांची संख्या त्यांच्याच सांगण्यावरून ठरवावी.

कुत्र्यांमध्येही असे आजारी असतात. मूत्रपिंड अशक्त झालेल्या कुत्र्याला दह्यातले फॉस्फरस आणि नारळपाण्यातले पोटॅशियम बाधू शकते. अशांसाठी कोणता घास चालेल हे पशुवैद्यकाला विचारल्याखेरीज काही देऊ नये. नागपूरकरांची या बाबतीत सोय बरी आहे. सेमिनरी हिल्सवर १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि तेथे प्राण्यांवर उपचारही होतात. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. कुत्रा दिवसाला किती पाणी पितो, लघवी किती वेळा करतो, वजन किती, हे कागदावर लिहून न्यावे. आठवडाभराचे पाणी मोजायचे असेल तर सकाळी मोजून ओतावे आणि रात्री उरलेले मोजावे.

नवतपा सरला की बहुतेक घरांत सावधपणा सैल होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून येते, एखादी सर पडते, पारा दोन-चार अंश उतरतो आणि माणसे खिडक्या उघडतात. पण मोसमी पाऊस येथे पोहोचायला अजून आठ-दहा दिवस असतात. या दिवसांत हवा दमट होते, कूलर चालू असूनही अंग चिकचिकते, आणि आधी सांगितल्याप्रमाणे कुत्र्याची धापही तेव्हाच निकामी होते. ३९ अंशांचा तो ढगाळ दिवस ४५ अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा चपट्या नाकाच्या कुत्र्याला अधिक जड जातो. म्हणून बादल्या भरणे, पहाटेची फेरी आणि फ्रीझरमधला ‘कुत्र्याचे’ असे लिहिलेला डबा, हे तिन्ही पाऊस चांगला लागून रात्री गार होईपर्यंत चालू ठेवावे. त्या दिवसांत कूलरमध्ये पाणी न घालता नुसता पंखा लावावा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.